भूल देणारे हात आणि पदवीची शिडी

डॉ. मार्टिन ल्यूथर किंग कोण होते हे चळवळीच्या वाचकांना सांगावे लागत नाही. परंतु गोल्डी ब्रँगमन हे नाव आपल्यापैकी किती जणांनी ऐकले आहे? आम्हीही ते फार उशिरा ऐकले, हे आधी कबूल केले पाहिजे.

२० सप्टेंबर १९५८ रोजी न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातील एका दुकानात किंग आपल्या पुस्तकावर वाचकांना सह्या देत बसले होते. तेथे एका महिलेने पाकिटे फोडण्याची धारदार सुरी त्यांच्या छातीत खुपसली. सुरीचे टोक हृदयातून निघणाऱ्या मुख्य धमनीपर्यंत गेले होते. हार्लेम रुग्णालयात छाती उघडून ती सुरी काढण्यात आली. किंग वाचले, म्हणूनच पाच वर्षांनी वॉशिंग्टनच्या मोर्चात त्यांचा आवाज जगाने ऐकला. शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांची नावे इतिहासात नोंदली गेली, आणि ते योग्यच झाले. पण छाती उघडलेल्या माणसाचा श्वास दुसऱ्या कोणाला तरी चालवावा लागतो. त्या दिवशी हाताने फुगा दाबून किंग यांचा श्वास चालवणाऱ्या गोल्डी ब्रँगमन डॉक्टर नव्हत्या. त्या भूल देण्याचे शिक्षण घेतलेल्या कृष्णवर्णीय परिचारिका होत्या. पुढे हार्लेम रुग्णालयातील भूलशिक्षणाच्या शाळेच्या त्या संचालक झाल्या. १९७३-७४ मध्ये अमेरिकेतील भूल देणाऱ्या परिचारिकांच्या राष्ट्रीय संघटनेच्या पहिल्या कृष्णवर्णीय अध्यक्षा झाल्या. फेब्रुवारी २०२० मध्ये वयाच्या १०२ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

हे सारे आम्ही शोधून वाचले त्याला कारण घडले. चळवळीतल्या आमच्या एका जुन्या सहकाऱ्याची मुलगी बी.एस्सी. नर्सिंग करून एका रुग्णालयाच्या आयसीयूत काम करते. एका संध्याकाळी ती घरी आली. म्हणाली, "काका, अमेरिकेत म्हणे नर्स भूल देते. खरं का ते? आणि आपल्याकडे दिली तर गुन्हा होतो का?" आम्ही विचारले, अचानक हा प्रश्न का? तेव्हा तिने सांगितले. आधी ती ज्या तालुक्याच्या गावी नोकरीला होती, तेथे एका रात्री अडलेली बाई आली. डॉक्टर होते, ऑपरेशन थिएटर होते, रक्ताचीही सोय झाली असती. भूलतज्ज्ञ तेवढा नव्हता. बाईला जिल्ह्याच्या गावी पाठवले. बाई वाचली, बाळ वाचले नाही. "सगळं होतं काका, फक्त भूल द्यायला माणूस नव्हता," हे वाक्य तिने दोनदा म्हटले.

तिच्या प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात देता आले असते. पण त्या उत्तरामागे दीडशे वर्षांचा संघर्ष आहे. कौशल्य कोणाचे, ते कोणाला शिकवायचे आणि त्या शिक्षणाचे पैसे कोणी भरायचे, हा तो संघर्ष. तो आपल्या लोकांनी नीट समजून घ्यावा, म्हणून हा लेख.

कामाला किंमत नव्हती तोवर

१६ ऑक्टोबर १८४६ रोजी बोस्टनच्या रुग्णालयात ईथरची भूल देऊन केलेली शस्त्रक्रिया जाहीरपणे दाखवण्यात आली. माणूस वेदनेशिवाय कापता येतो हे जगाला कळले. पण भूल देणार कोण? पुढची काही दशके हे कोणाचेच काम नव्हते. शिकाऊ डॉक्टरच्या हाती ईथरची बाटली दिली जाई. त्याचे लक्ष शस्त्रक्रियेकडे, कारण त्याला सर्जन व्हायचे होते. रुग्णाच्या श्वासाकडे पाहणारे कोणी नसे. माणसे टेबलावरच दगावत.

तेव्हा सर्जनांनी परिचारिकांना पुढे केले. १८७७ मध्ये पेनसिल्व्हेनियातील ईरी येथे सिस्टर मेरी बर्नार्ड यांनी हे काम हाती घेतले. मिनेसोटातील मेयो बंधूंच्या रुग्णालयात अ‍ॅलिस मॅगॉ या परिचारिकेने भूल देण्याची कला शास्त्राच्या पातळीवर नेली. थेंब थेंब ईथर टाकायचे, रुग्णाशी धीराने बोलत राहायचे, त्याची भीती घालवायची, श्वास आणि चेहऱ्याचा रंग यांवरची नजर हलू द्यायची नाही, ही त्यांची पद्धत. १९०६ मध्ये त्यांनी चौदा हजारांहून अधिक रुग्णांना दिलेल्या भुलीचा आढावा प्रसिद्ध केला. त्यात भुलीमुळे झालेला एकही मृत्यू नव्हता. लक्षात घ्या, या बाईंनी नुसते काम केले नाही, कामाची नोंद ठेवली आणि ती छापली. पुढे या पेशावर हल्ले झाले तेव्हा हीच नोंद ढाल ठरली.

परंतु एक गोष्ट स्पष्टपणे म्हटली पाहिजे. परिचारिकांना हे काम स्त्रियांविषयीच्या आदरापोटी मिळाले नव्हते. काम कमी पैशाचे, कमी मानाचे होते. परिचारिका सर्जनच्या फीत वाटा मागत नसे आणि सर्जन होण्याची स्वप्नेही पाहत नसे. ज्या कामाला किंमत नाही ते खालच्यांच्या गळ्यात घालायचे, आणि त्यांनी घाम गाळून त्याला किंमत आणली की त्यावर हक्क सांगायचा, ही रीत आपल्याला नवी नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला भूल देणे हा फी मिळवून देणारा व्यवसाय होऊ लागला आणि लगेच प्रश्न उपस्थित झाला, की हे काम करण्याचा नर्सला अधिकार काय?

न्यायालयाच्या दारात

वकील म्हणून आम्हाला या इतिहासातले दोन खटले फार महत्त्वाचे वाटतात.

पहिला केंटकी राज्यातला. लुईव्हिल येथील सर्जन डॉ. लुईस फ्रँक यांच्याकडे मार्गारेट हॅटफील्ड नावाची परिचारिका भूल देत असे. नर्सने भूल देणे म्हणजे परवान्याशिवाय वैद्यकी करणे, अशी भूमिका तेथील वैद्यकीय वर्तुळाने आणि राज्याच्या आरोग्य मंडळाने घेतली. डॉक्टर आणि परिचारिका दोघेही न्यायालयात गेले. खालच्या न्यायालयात हरले. १९१७ मध्ये राज्याच्या अपील न्यायालयाने तो निकाल फिरवला. न्यायालयाच्या म्हणण्याचा मथितार्थ असा, की परवान्याचे कायदे त्या त्या व्यवसायातील मंडळींच्या खास लाभासाठी केलेले नसतात, ते जनतेच्या हितासाठी केलेले असतात. हे तत्त्व आमच्या मते केवळ भुलीपुरते नाही. कोणतीही मक्तेदारी 'लोकांची सुरक्षितता' हे नाव घेऊन उभी राहते तेव्हा तिला हाच प्रश्न विचारायला हवा: हा नियम रुग्णासाठी आहे, की तुमच्या गल्ल्यासाठी?

दुसरा खटला कॅलिफोर्नियातला. लॉस एंजेलिसच्या एका रुग्णालयात भूल देणाऱ्या डॅगमार नेल्सन या परिचारिकेविरुद्ध भूल देणाऱ्या डॉक्टरांनी दावा लावला. १९३६ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने नेल्सन यांच्या बाजूने निकाल दिला. सर्जनच्या देखरेखीखाली भूल देणे म्हणजे वैद्यकी करणे नव्हे, असे ठरले.

येथे मेख आहे, ती वाचकांनी पाहावी. दोन्ही निकालांनी परिचारिकेचे काम वाचवले, पण ते 'सर्जनच्या देखरेखीखाली' या अटीवर. म्हणजे काम कायदेशीर झाले, हात मात्र दुय्यमच राहिला. ही अट ढिली व्हायला आणखी अनेक दशके जावी लागली. १९८६ च्या कायद्याने या परिचारिकांना मेडिकेअर या सरकारी आरोग्य विम्यातून थेट मोबदला मिळण्याचा मार्ग मोकळा झाला. २००१ मध्ये केंद्र सरकारने नियम केला, की राज्याच्या राज्यपालाने कळवल्यास मेडिकेअरची डॉक्टरच्या देखरेखीची अट त्या राज्यापुरती निघू शकते. आयोवा हे असे करणारे पहिले राज्य. नंतर अनेक राज्ये त्या वाटेने गेली. कारण साधे होते. खेड्यापाड्यांतील रुग्णालयांत भूलतज्ज्ञ डॉक्टर जायला तयार नव्हते, परिचारिका तेथे आधीपासूनच उभ्या होत्या.

शिडीची एकेक पायरी

न्यायालयाने दार उघडले तरी आत टिकायला शिक्षण लागते. ते या परिचारिकांनी स्वतःच्या बळावर उभे केले, हा या कहाणीतला आम्हाला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग.

१९०९ मध्ये ओरेगॉनमधील पोर्टलंड येथे पहिली औपचारिक शाळा निघाली. सुरुवातीचे अभ्यासक्रम काही महिन्यांचेच होते. १९३१ मध्ये क्लीव्हलंड येथे अगाथा हॉजिन्स यांनी राष्ट्रीय संघटना उभी केली. संघटनेचे पहिले मोठे काम मोर्चा काढणे हे नव्हते. अभ्यासक्रम एकसारखा करणे आणि परीक्षा घेणे हे होते. १९४५ मध्ये पहिली प्रमाणपत्र परीक्षा झाली. १९५२ मध्ये शाळांची तपासणी करून मान्यता देण्याची पद्धत सुरू झाली. १९५६ मध्ये 'प्रमाणित नोंदणीकृत नर्स अ‍ॅनेस्थेटिस्ट' ही ओळख ठरली. १९९८ पर्यंत सर्व अभ्यासक्रम पदव्युत्तर पातळीवर गेले. आणि १ जानेवारी २०२२ पासून या शिक्षणात पाऊल ठेवणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्यासाठी डॉक्टरेट अनिवार्य झाली.

आज या शिक्षणाची वाट कशी आहे, तेही पाहू. आधी नर्सिंगची पदवी आणि नोंदणी. मग अतिदक्षता विभागात किमान एक वर्ष पूर्णवेळ काम. ही अट उगाच नाही. व्हेंटिलेटरवरचा रुग्ण, रक्तदाब टिकवणारी औषधे, क्षणात बिघडणारी नाडी या सगळ्यात जिचे डोके शांत राहते, तिलाच पुढे घ्यायचे. त्यानंतर किमान तीन वर्षांचा डॉक्टरेटचा अभ्यासक्रम. त्यात औषधशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र, वायूंचे भौतिकशास्त्र, भूलयंत्राची रचना, श्वासनलिकेत ट्यूब घालणे, पाठीच्या मणक्यातून दिली जाणारी भूल. प्रत्यक्ष काम म्हणाल तर किमान ६०० रुग्णांना भूल दिल्याचा अनुभव आणि किमान २,००० तासांचे रुग्णालयातील प्रशिक्षण. त्यात बाळंतिणी, लहान मुले, म्हातारी माणसे, हृदयाच्या आणि मेंदूच्या शस्त्रक्रिया असे सारे प्रकार यावे लागतात. शेवटी राष्ट्रीय परीक्षा. ती उत्तीर्ण झाल्याशिवाय प्रमाणपत्र मिळत नाही. आज अमेरिकेत अशा भूल-परिचारिका आणि परिचारक साठ हजारांहून अधिक आहेत. तेथील सरकारी आकडेवारीनुसार त्यांचे मध्यम वेतन वर्षाला दोन लाख डॉलरच्या वर आहे.

भूलतज्ज्ञ डॉक्टरांच्या संघटनेचे म्हणणे वेगळे आहे. डॉक्टर चार वर्षे वैद्यकीय महाविद्यालयात आणि आणखी चार वर्षे निवासी प्रशिक्षणात काढतो, गुंतागुंतीच्या रुग्णात तो पाया लागतोच, असे ते म्हणतात. हा युक्तिवाद नुसता स्वार्थाचा आहे असे आम्ही म्हणणार नाही, त्यात तथ्य आहे. परंतु भांडण नावापर्यंतही गेले आहे. २०२१ मध्ये परिचारिकांच्या राष्ट्रीय संघटनेने आपल्या नावातील 'नर्स अ‍ॅनेस्थेटिस्ट' काढून 'नर्स अ‍ॅनेस्थेसिऑलॉजी' हा शब्द घेतला, त्यावर डॉक्टरांच्या संघटनेने जोरदार आक्षेप घेतला. त्याच वर्षी न्यू हॅम्पशायरच्या सर्वोच्च न्यायालयाने 'अ‍ॅनेस्थेसिऑलॉजिस्ट' ही उपाधी डॉक्टरांपुरतीच ठेवणारा वैद्यकीय मंडळाचा निर्णय कायम केला. नावासाठी माणसे का भांडतात, असे कोणी विचारील. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्यांनी नावे ठेवली, त्यांना हे समजावून सांगण्याची गरज नाही.

शिडीचे पैसे कोण भरणार?

आता खरा प्रश्न. शिडी उंच झाली, पेशाचा मान वाढला. पण शिडीवर चढणार कोण?

डॉक्टरेट अनिवार्य झाली म्हणजे शिक्षणाची वर्षे वाढली. अभ्यास इतका भरगच्च, की नोकरी सोडावी लागते. म्हणजे तीन वर्षे पगार बंद आणि शुल्क चालू. ज्या मुलीच्या पगारावर आईवडिलांचे घर चालते, तिने काय करायचे? २००६ पासून अमेरिकेत पदव्युत्तर विद्यार्थ्याला शिक्षणाच्या संपूर्ण खर्चापर्यंत केंद्र सरकारचे कर्ज मिळण्याची सोय होती. जुलै २०२५ मध्ये झालेल्या कायद्याने १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांसाठी ती बंद करण्याचे ठरवले. त्याऐवजी मर्यादा घातल्या. साध्या पदव्युत्तर शिक्षणाला वर्षाला २०,५०० डॉलर आणि एकूण एक लाख. 'व्यावसायिक' पदवीला वर्षाला ५०,००० आणि एकूण दोन लाख. मग 'व्यावसायिक' पदवी कोणती? नोव्हेंबर २०२५ मध्ये तेथील शिक्षण खात्याने पुढे आणलेल्या व्याख्येत वैद्यक होते, दंतवैद्यक होते, आमची वकिली होती, धर्मशास्त्रही होते. नर्सिंग नव्हते. देशभरच्या परिचारिकांमध्ये संताप उसळला तो यामुळे.

हिशेब करा. वर्षाला २०,५०० म्हणजे तीन वर्षांत ६१,५०० डॉलर. बहुतेक विद्यापीठांत शुल्क आणि राहणे-खाणे मिळून खर्च त्याच्या कितीतरी वर जातो. उरलेले पैसे खासगी सावकारी कर्जातून आणायचे, नाहीतर घरच्या तिजोरीतून. ज्याच्या घरी तिजोरी आहे त्याला कायद्याने काही फरक पडत नाही. जिच्या घरी नाही, तिच्यापुरती शिडी मधूनच कापली गेली. एका हाताने पात्रता वाढवायची आणि दुसऱ्या हाताने कर्ज आखडायचे, याचा परिणाम ठरलेला आहे. थिएटरातले चेहरे पुन्हा एकाच रंगाचे होतील. आजही या पेशात गोऱ्यांचेच प्राबल्य आहे. ही स्थिती बदलावी म्हणून वॉलेना गुल्ड या कृष्णवर्णीय भूल-परिचारिकेने २००६ मध्ये मार्गदर्शनाचे काम सुरू केले. कृष्णवर्णीय आणि इतर वंचित समूहांतील मुलामुलींना गाठायचे, हा पेशा असतो हे आधी सांगायचे, मग अर्ज कसा करायचा, मुलाखत कशी द्यायची हे शिकवायचे. माहिती हीदेखील काही घरांत वारसाहक्काने मिळते, काही घरांत ती कोणीतरी नेऊन द्यावी लागते.

आपल्याकडे काय?

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे येऊ. आपल्या देशात भूल देणे हे डॉक्टरांचे काम आहे. परिचारिकेला स्वतंत्रपणे भूल देण्याचा अधिकार नाही. उद्या कोणी रुग्णालयवाला "सिस्टर, तुम्हीच द्या" म्हणाला, तर तिने नकार द्यावा. काही बिघडले तर अंगलट तिच्याच येईल, हे आम्ही तिला वकील म्हणून बजावले. अमेरिकेच्या परिचारिकांनी अधिकार मिळवला तो आधी शिक्षण, मग नोंद, मग कायदा या क्रमाने. क्रम उलटा केला तर बळी गरिबाचाच जातो, टेबलावर झोपलेल्या रुग्णाचा आणि उभ्या असलेल्या नर्सचाही.

पण म्हणून गप्प बसायचे काय? २००५ नंतर राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाच्या काळात शासनाने एमबीबीएस डॉक्टरांना अठरा आठवड्यांत जीवरक्षक भूलकौशल्ये शिकवण्याचा कार्यक्रम राबवला, कारण प्रसूतीच्या तातडीच्या वेळी भूलतज्ज्ञ मिळत नव्हते. म्हणजे तुटवडा शासनानेच मान्य केला. भारतीय परिचर्या परिषदेने अतिदक्षता विभागासाठी 'नर्स प्रॅक्टिशनर' हा दोन वर्षांचा पदव्युत्तर निवासी अभ्यासक्रम आणला. म्हणजे परिचारिका उच्च कौशल्य शिकू शकते, हेही मान्य झाले. या दोन मान्यता एकमेकींना भेटल्या नाहीत, एवढेच. त्यांची भेट घालून देण्याची मागणी कोणी करायची? ज्यांच्या आया-बहिणी तालुक्याच्या रुग्णालयात जातात, त्यांनी.

बाबासाहेबांनी १९४२ मध्ये व्हाइसरॉयना दिलेल्या निवेदनात अस्पृश्यांच्या मुलांसाठी विज्ञान-तंत्रशिक्षणाच्या आणि परदेशी शिक्षणाच्या शिष्यवृत्त्या सरकारने द्याव्यात, असा आग्रह धरला होता. केवळ अक्षरओळखीवर त्यांचे समाधान नव्हते. माऱ्याच्या जागी पोहोचवणारे उच्च शिक्षण त्यांना हवे होते. ते स्वतः १९१३ मध्ये बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर ज्या कोलंबिया विद्यापीठात गेले, ते हार्लेमला लागूनच आहे. आज त्याच विद्यापीठाच्या नर्सिंग विद्यालयात भूल-परिचारिकांचा डॉक्टरेट अभ्यासक्रम चालतो.

आपल्या मुली तेथे जाऊ शकतात काय? जाऊ शकतात, पण वाट लांब आहे. जीएनएमची पदविका असेल तर आधी पदवी पूर्ण करावी लागते. मग अमेरिकेची नर्सिंग नोंदणीची परीक्षा. आणि अतिदक्षता विभागातला अनुभव तेथलाच धरला जातो, येथला नाही. म्हणजे आधी तेथे नर्स म्हणून नोकरी, मग प्रवेश. एजंट हे सांगत नाही. तो थेट डॉक्टरेटचे स्वप्न विकतो आणि पैसे घेऊन मोकळा होतो. म्हणून हे नीट माहीत हवे.

आमच्या तीन सूचना आहेत. एक, राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आणि केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती यांची माहिती प्रत्येक नर्सिंग महाविद्यालयाच्या फलकावर लागली पाहिजे. ती लागली आहे काय, हे आपल्या भागातील कार्यकर्त्यांनी जाऊन पाहावे. दोन, आपल्या समाजातील परिचारिकांनी एकत्र येऊन नव्या मुलींना मार्गदर्शन करणारे गट उभारावेत. त्याला इमारत लागत नाही, विहारातला रविवारचा एक तास पुरतो. तीन, तालुक्याच्या रुग्णालयात भूलतज्ज्ञ नसल्यामुळे परत पाठवलेल्या प्रत्येक बाईची नोंद माहितीच्या अधिकारात मागावी. अ‍ॅलिस मॅगॉ यांच्या वहीने जे केले, ते आपल्या अर्जानेही होऊ शकते. मागणी करायची तर हातात कागद हवा.

ती मुलगी आता रोज ड्युटीनंतर दोन तास अभ्यास करते. अमेरिकेला जायचे की येथेच नर्स प्रॅक्टिशनर व्हायचे, हे तिने अजून ठरवलेले नाही. निघताना म्हणाली, "काका, कुठंही शिकले तरी परत त्याच तालुक्याला जाईन." तिचा शब्द ती पाळेल, याची आम्हाला खात्री आहे. ती परत येईल तेव्हा तिला काम करू देणारा कायदा येथे असेल की नाही, हे मात्र तिच्या हातात नाही. ते आपल्या हातात आहे.